सर्जेरावांचा घसा

बोरजाईवाडीच्या जत्रेत जनावरांच्या प्रदर्शनाची परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. एका खिलार खोंडाचं तोंड उघडून मी दात बघत होते, तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या कर्ण्यावरून येणारा माझ्या नवऱ्याचा आवाज मध्येच तुटला.

"आणि निळ्या लांगेत हौदात उतरलाय आपला पैलवान बाजीराव…"

पुढे काहीच आलं नाही. पलीकडे टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. लोकांना वाटलं, निवेदक सर्जेराव खराडे उत्सुकता ताणतायत. मला तसं वाटलं नाही. त्या आवाजाबरोबर मी तेव्हा सतरा वर्षं संसार केला होता. हा माणूस कुठेही थांबेल, पण पैलवानाचं नाव आणि आडनाव यांच्या मध्ये थांबणार नाही. नाव तोडलं की पैलवानाचा दम तुटतो, असं ते नव्या निवेदकांना सांगत असत.

खोंडाचा कासरा मालकाच्या हातात देऊन मी ओढा ओलांडला. कुस्तीच्या मैदानात बायका फारशा जात नाहीत, पण मला तालुक्यात सगळे ओळखायचे. मी सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर. निम्म्या गर्दीच्या म्हशी माझ्या हातून व्यालेल्या. त्यांनी वाट दिली. एरवी आखाड्याच्या हौदाभोवती फेऱ्या मारत बोलणारे सर्जेराव काठावर बसले होते. माईक मांडीवर, डावा हात गळ्यावर. मी दिसल्यावर त्यांनी हात खाली घेतला, पाण्याचे दोन घोट घेतले, उभे राहिले आणि म्हणाले, "ढोणे." मग तिथंच उभं राहून दिवस मावळेपर्यंत तोच खणखणीत आवाज. जणू काही झालंच नव्हतं.

परतताना जीप मी चालवत होते.

"मघाशी काय झालं?"

"घसा धरला. धूळ किती होती बघितलीस नव्हं?"

"अजून धरतोच आहे?"

"आता सीझन आहे. रोज मैदान. धरणारच की."

त्याआधी ते सांगलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी दुर्बीण घालून स्वरयंत्र बघितलं आणि सांगितलं, घसा उत्तम आहे, थोडी आम्लपित्ताची गोळी घ्या. तेव्हापासून खिशात ज्येष्ठमधाची कांडी आणि घरात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू होत्या.

"दुखतो म्हणजे कसा?"

"दुखत नाही. आवळल्यासारखं होतं. इथं." त्यांनी हनुवटीखाली हात लावला, मग डाव्या जबड्याकडे नेला. "कुणी तरी पट्टा आवळावा तसं. जरा बसलं की जातं."

मी गाडी बाजूला घेतली.

"हे छातीचं असू शकतं," मी म्हटलं.

ते हसले. गाडीच्या कप्प्यातून त्यांनी एक पाकीट काढलं. ते मी आधीही पाहिलं होतं. महिन्यापूर्वी इचलकरंजीत एका संस्थेनं हृदयतपासणीचं शिबिर घेतलं होतं. तिथं माझे दीर संपतभाऊजी यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम. त्यांनी आग्रह करून थोरल्या भावाला बोलावलं आणि दोघांनी बरोबर तपासणी केली. त्यालाही कारण होतं. सासरे शेहेचाळीसाव्या वर्षी गेले, भर दुपारी, रानात. दोघं भाऊ आता त्याच वयाच्या जवळ येत होते. सर्जेराव चव्वेचाळीस, भाऊजी बेचाळीस.

"कार्डिओग्राम नॉर्मल," त्यांनी बोट ठेवून वाचलं. "आणि हा सिटीस्कॅन. हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम किती, तर शून्य. संपतचंही शून्य. तिथल्या पोरीनं सांगितलं, शून्य म्हणजे पहिला नंबर."

"मला माहीत आहे."

"मग? माझ्या बापाच्या वयाला मी येणार म्हणून चार वर्षं नीट झोपलो नव्हतो, वैजू. तो कागद हातात आला आणि झोपलो. तू आता परत तेच काढू नकोस."

ते खरं होतं. ती झोप मी पाहिली होती. त्या रात्रींत माझा नवरा पहिल्यांदा कूस न बदलता झोपला होता. पण मी जनावरांची डॉक्टर. माझं जनावर बोलत नाही, त्यामुळे ते काय करतं तेवढंच मी बघते. आणि मी जे बघितलं होतं ते असं: हौदाभोवती मऊ मातीतून फेऱ्या मारताना घसा धरला होता, आणि बसल्यावर सुटला होता. पुढे दिवसभर ते एका जागी उभं राहून बोलले, तर काही झालं नाही.

"मिरजेला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू," मी म्हटलं.

"रविवारच्या मैदानानंतर."

रविवारचं मैदान म्हणजे साधं नव्हतं. तीन जिल्ह्यांतले पैलवान येणार होते. त्या मैदानाचं निवेदन दरवर्षी कोल्हापूरकडच्या एका बुजुर्गाकडे असे. ते थकले आणि त्यांनी स्वतः सर्जेरावांचं नाव सुचवलं होतं. या एका बोलावण्याची माझ्या नवऱ्यानं उमेदीची सगळी वर्षं वाट बघितली होती.

"आधी," मी म्हटलं.

"नंतर," ते म्हणाले, आणि घरी येईपर्यंत आमचं बोलणं संपलं.

आमचं भांडण म्हणजे अबोला. आदळआपट दोघांनाही जमत नाही. सोमवारी संध्याकाळी गावातली मंडळी आली. सर्जेरावांनी ओसरीवर बसून त्यांना जुन्या कुस्त्या सांगितल्या. चहा दोनदा झाला, तरी त्यांचा आवाज कुठे चिरकला नाही, की हात गळ्याकडे गेला नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. घशाचा आजार असता, तर तो इतक्या बोलण्यानंतर जाणवायला हवा होता.

मंगळवारी सासूबाईंनी आम्हा दोघांना टेकावरच्या म्हसोबाला नारळ घेऊन पाठवलं. रविवारच्या मैदानासाठी. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आणि आत्यांना नाही म्हणायची पद्धत आमच्या घरात नाही. उन्हं कलल्यावर निघालो. ते पुढे, मी मागे. अबोला सुरूच होता. सकाळपासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. चहा हवा असेल तर कप वाजवत होते.

वाट चढणीची आहे, पण अवघड नाही. म्हाताऱ्या बायका डोक्यावर घागर घेऊन चढतात. मधल्या वळणावर करंजाचं झाड आहे. तिथं पोचलो आणि ते थांबले. खोडाला टेकले. हात गळ्यावर गेला. कपाळावर घाम होता, आणि वारा गार होता.

मी जवळ गेले. मनगट हातात घेतलं, नाडी बघितली. त्यांना खाली बसवलं. वर गुराख्याची शेरडं ओरडत होती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि अबोला त्यांनीच मोडला.

"मी आज बोललोच नाही."

"नाही."

"सकाळपासून एक शब्द नाही."

"नाही."

ते खाली गावाकडे बघत राहिले. आमच्या घराचे पत्रे तिथून दिसतात.

"मग हा घसा न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"जीपमध्ये. पण तुम्हाला कळायला हवं होतं."

नारळ आम्ही करंजाखालीच, म्हसोबाच्या दिशेनं तोंड करून फोडला. मी खालून मोटारसायकल मागवली आणि त्यांना मागं बसवून आणलं. त्या रात्री त्यांनी स्वतः पिशवी भरली. शिबिरातलं पाकीट सर्वांत वर ठेवलं.

मिरजेचे डॉक्टर भरत शिरगुप्पे पन्नाशीचे होते आणि फार हळू बोलत. त्यांनी आधी पाकीट उघडलंच नाही. प्रश्न विचारले. चालताना होतं का, बसल्यावर किती वेळात जातं, जेवून चढ चढल्यावर जास्त होतं का, वडील कसे गेले, सिगारेट ओढत होता का. सर्जेरावांनी तीन वर्षांपूर्वी सोडली होती, तेही सांगितलं. मग डॉक्टरांनी अहवाल वाचला.

"शून्य आहे," सर्जेराव म्हणाले. अजून त्यांना आशा होती.

"हो. आणि बरोबर आहे. त्या मशीननं चूक केलेली नाही."

"मग?"

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद पालथा करून एक नळी काढली. "हे बघा, नळीच्या भिंतीत आधी चरबी साठते. मऊ असते. वर्षं जातात तसं शरीर तिच्यावर चुन्याचा गिलावा करतं. त्या तपासणीत दिसतो तो हा चुना. ज्याला काही त्रास नाही अशा माणसाचा चुना शून्य आला, तर ती बहुतेक वेळा चांगलीच बातमी असते. पण तुमचं वय कमी आहे आणि तुम्हाला त्रास होतोय. तुमच्या नळीत चरबी असेल, तर तिच्यावर गिलावा व्हायला अजून वेळच मिळाला नसेल. चुना शोधून ती सापडणार नाही."

"म्हणजे आहे का नाही?"

"ते आता बघायचं. शिरेतून औषध सोडून नळ्यांचा स्कॅन करू. त्यात नळीची पोकळी दिसते. पोकळी अरुंद असेल, तर चुना असो नसो, कळतं."

"रविवारी माझं मैदान आहे, डॉक्टर."

"आज बुधवार आहे," शिरगुप्पे म्हणाले. "आजचं आज बघू."

नाडी संथ करायची गोळी देऊन तासभर बसवलं. मग आत नेलं. बाहेर आल्यावर सर्जेराव म्हणाले की औषध सोडलं तसं अंगातून ऊन फिरल्यासारखं झालं आणि मशीन श्वास धरायला सांगत होतं. "मला श्वास धरायला सांगतंय," ते म्हणाले, आणि जरा हसले.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवलं. मी आयुष्यात बैलांची, म्हशींची, कुत्र्यांची हृदयं हातात धरून बघितली आहेत. माझ्या नवऱ्याचं हृदय मी पहिल्यांदा बघत होते. करड्या गोळ्यावरून उतरणाऱ्या नळ्या डॉक्टरांनी एकेक करून फिरवून दाखवल्या. कुठेही पांढरा ठिपका नव्हता. शिबिरानं सांगितलं ते खरं होतं. मग त्यांनी पुढच्या बाजूनं खाली उतरणारी मोठी नळी आणली. सुरुवातीलाच तिला चिमटा बसल्यासारखं दिसत होतं. उजेडाची जाड रेघ एका जागी दोऱ्याएवढी होऊन पुन्हा जाड झाली होती. चिमट्याभोवती धुरकट, काळसर उशीसारखं काहीतरी होतं.

"ही ती चरबी," शिरगुप्पे म्हणाले. "दहातला एक हिस्सा वाट उरलीय. अशी मऊ गाठ फुटली की तिथं रक्त गोठतं आणि नळी बंद होते. ते टेकावरही होऊ शकलं असतं आणि मैदानातही. आज राहा. उद्या सकाळी स्टेंट घालू."

सर्जेराव बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

"डॉक्टर, रविवारी नुसतं बसून बोललो तर?"

"शेवटच्या जोडीला तुम्ही बसून राहाल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

"नाही राहणार," ते म्हणाले.

फोन त्यांनी खोलीत आल्यावर केला. इर्शाद मुलाणीला. इर्शाद आमच्या शेजारच्या तालुक्यात प्राथमिक शिक्षक. तोही निवेदन करायचा आणि गेली दोन वर्षं लोक त्याला जास्त बोलवायला लागले होते. सर्जेराव त्याला चांगलं म्हणत, पण जेवताना त्याचा विषय निघाला की भाकरी जरा जोरात मोडत. फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"इर्शाद, रविवारचं मैदान तू घे."

"थट्टा करताय व्हय, आण्णा."

"मिरजेत आहे. दवाखान्यात. काळजाची नळी बुजलीय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग इर्शाद म्हणाला, "मी येतो मिरजेला."

"येऊ नकोस. मैदान बघ. शेवटच्या जोडीतला काळ्या लांगेचा पैलवान डाव्या अंगाचा आहे, ते सुरुवातीलाच लोकांना सांग. त्याच्या वस्तादाचं नाव विसरू नकोस, म्हातारा रागावतो. आणि कुस्ती रंगली की जरा गप्प बस. लोकांना बघू दे. माझं तेवढं चुकतं."

"आण्णा, मी तुमच्या नावानं बोलीन."

"तुझ्या नावानं बोल. बोलावणं तुला आलंय असं समज."

फोन ठेवल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी पाय चेपत बसले. काही सांत्वन केलं नाही. एवढी मोठी गोष्ट हातातून सोडणाऱ्या माणसाला लगेच बोलतं करू नये.

रविवारी इर्शाद फार सुंदर बोलला, ते आम्ही घरी बसून कुणाच्या तरी मोबाईलवरून ऐकलं. आणि पावसाळा संपल्यावर सर्जेराव पुन्हा मैदानात उभे राहिले. पुढच्या वर्षी त्या मोठ्या मैदानाच्या पत्रकावर दोघांची नावं होती. याला आता बारा वर्षं झाली. आजही दोघं बरोबर जातात, आणि आजही माझा नवरा कुस्ती रंगली की गप्प बसत नाही.

पण मला सांगायचं आहे ते गुरुवार सकाळचं.

त्यांना आत नेलं तेव्हा आत्या पहिल्या एसटीनं येऊन पोचल्या होत्या. हातात डबा, डोक्यावर पदर. सत्तरी ओलांडलेली बाई, पण बाकावर टेकून बसली नाही, ताठ बसली. मी शेजारी. थोड्या वेळानं शिरगुप्पे बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि म्हणाले, "छान झालं. वाट पूर्ण मोकळी आहे. तुमच्याशी बोलायचं म्हणतायत, पण आत्ता बोलू देणार नाही."

आत्यांनी त्यांना हात जोडले. ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "आजार काळजाचा हुता न्हवं?"

"हो, आत्या."

"मग घसा का धरायचा?"

मी समजावलं. काळजाला रक्त कमी पडलं की ते ओरडतं, पण त्याची ओरड दर वेळी छातीतच ऐकू येते असं नाही. काळजाच्या, गळ्याच्या, जबड्याच्या नसा आत एका वाटेला मिळतात. डोक्याला कळत नाही हाक कुठून आली. कुणाचा हात दुखतो, कुणाचा जबडा, कुणाचा घसा. चढताना, ओझं उचलताना होतं. बसलं की जातं.

आत्या ऐकत होत्या. मग त्यांनी डबा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

"त्यांचाबी घसाच धरायचा," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

"तुझ्या सासऱ्याचा."

मी त्यांच्याकडे वळले.

"औत हाणताना. दोन तास झालं की गळ्याला हात लावायचं. बांधावर बसलं की बरं वाटायचं. मी म्हणायची, बैलांवर ओरडूओरडू घसा बसतोय तुमचा. त्या उन्हाळ्यात रोज रात्री हळद-चुन्याचा लेप लावायची मी. गेलं त्या दिवशीबी गळा पिवळा हुता."

बारा वर्षं झाली, तरी त्या वाक्यातला आवाज मला ऐकू येतो. त्यात रडणं नव्हतं. इतकी वर्षं जे कोडं म्हणून त्यांनी सांभाळलं होतं, ते कुणीतरी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं होतं, आणि आता त्या हाताचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी तो हात धरला.

"तेव्हा कुणालाच कळलं नसतं, आत्या. डॉक्टरलासुद्धा नाही."

"न्हाई कळलं नसतं," त्या म्हणाल्या. जरा वेळानं त्यांनी हात सोडवून घेतला आणि पदरानं तोंड पुसलं. "पर आता कळलंय. संपतला फोन लाव."

"भाऊजी उद्या येणारच आहेत आत्या, आज त्यांची पाळी…"

आणि माझं बोलणं तिथंच राहिलं. इचलकरंजीचं शिबिर. दोघं भाऊ बरोबर. दोघांचंही शून्य.

मी फोन लावला. मागे यंत्रमागांचा खडखडाट होता, मग तो कमी झाला, भाऊजी बाहेर आले असावेत.

"वहिनी, दादा कसा आहे?"

"उत्तम. सगळं नीट झालं. भाऊजी, एक विचारते, सरळ सांगा. कारखान्याचा जिना चढताना तुमचा घसा धरतो का?"

दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि खडखडाट थांबला.

"तुम्हाला कुणी सांगितलं, वहिनी? मी घरात बोललेलो नाही. म्हटलं, कापसाची धूळ आहे."

आत्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून होकारार्थी मान हलवली. त्या उठल्या आणि शिरगुप्पे ज्या दारातून गेले होते, त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, डॉक्टर परत येतील तेव्हा त्यांना अडवायला.

"कुणी सांगितलं ते राहू द्या," मी म्हटलं. "आहे तिथं खाली बसा. जिना चढू नका. मी जीप पाठवते, आजच मिरजेला या."